नदीत धुतलेली बॅटरी

ही गोष्ट मी आजवर इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा आणि कुठे दोन्ही हात वर करायचे हे मला पाठ झालं आहे. सांगणारा मी बरा आहे. सौसरच्या गणपतीतल्या नाटकांत मी वर्षानुवर्षं राजाचं काम केलं, दोनदा राणीचंही केलं, आणि राणी जास्त गाजली. त्यामुळे लोक ऐकतात. माझा त्रागा वेगळाच आहे. लोक चुकीच्या जागी हसतात. बाजेच्या प्रसंगापाशी आले की पोट धरून हसतात, डोळे पुसतात, 'अजून एकदा सांगा' म्हणतात, आणि मग घरी जाऊन स्कूटरची बॅटरी दाराशी चार्जिंगला लावतात.

तर पुन्हा एकदा सांगतो. हसायची जागा आली की मीच सांगेन.

माझी मोठी बहीण पांढुर्ण्याला दिली आहे. तिचं घर जाम नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. भाऊजी बिजली ऑफिसात लाइनमन होते, आता रिटायर झाले. सगळा जन्म खांबावर गेला. पावसात तारा जोडल्या, वाऱ्यात जोडल्या, आणि जे तुटलं त्याला काळी टेप गुंडाळून पुढच्या खांबावर गेले. विजेची त्यांना भीती नाही. आमची सगळी अडचण तिथून सुरू होते. घाबरणाऱ्या माणसाला चार गोष्टी समजावता येतात. ज्याला तेहतीस हजार व्होल्टनं सोडलं, तो साळ्याचं काय ऐकणार?

इलेक्ट्रिक स्कूटर त्यांना घ्यायला लावली ती मीच. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मला सगळ्यांवर रागवायचं आहे. त्यांचा संत्र्याचा छोटा बगीचा आहे आणि तिथं रोजची एक फेरी. सौसरमध्ये नवीन दुकान निघालं होतं. मी तिथं त्यांना घेऊन गेलो आणि असं भाषण दिलं की दुकानदारानं मला चहा पाजला. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. बॅटरी काढा, उचला, घरात न्या, मोबाइलसारखी चार्ज करा. भाऊजींनी स्कूटरभोवती एक चक्कर मारली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जनावर चांगलं आहे."

त्या शब्दाकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

आता घराचा नकाशा समजून घ्या. पुढे अंगण, मग बाजूला स्वयंपाकघर असलेली एक खोली. तिच्यातून मागे जाणारी अरुंद बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यावं इतकी. बोळीच्या टोकाला मागची खोली आणि तिला लागून मोरी. मागच्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. दार नाही, आणि खिडकी आहे ती गजांची. म्हणजे मागच्या खोलीतल्या माणसाला बाहेर पडायचं तर बोळीतूनच. आणि कूलरसाठी बसवलेला मोठा प्लग घरात एकच, तो बोळीत. बॅटरी तिथं चार्ज व्हायची. खाली पोतं, वर देवीचं कॅलेंडर.

आषाढात ताई मोरीत घसरली. मांडीपासून पंजापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, उठायचं नाही, पाय टेकवायचा नाही. तिची बाज मागच्या खोलीत टाकली, कारण मोरी तिथं. मी दर रविवारी सौसरहून जायचो. बाजेवर पडल्या पडल्या ती पूर्ण घर चालवायची. भाऊजी स्वयंपाकघरात कोणता डबा उघडतात हे तिला झाकणाच्या आवाजावरून कळायचं.

"अजी, तो जिऱ्याचा नाही, ओव्याचा डबा आहे," ती आतून म्हणायची.

"तुले दिसून राहिलं का तिथून?"

"ऐकू येऊन राहिलं."

पहिल्या रविवारीच मी भाऊजींना म्हणालो, "बॅटरी बोळीतून हलवा. ताईला काही झालं तर पळता येणार नाही."

"काय होते तिले?"

"तिले नाही. बॅटरीले."

"साळेबुवा," भाऊजी म्हणाले, "मी खांबावर होतो तवा तू चड्डीत होता." आणि विषय संपला. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी मोबाइलवर एक व्हिडिओ नेला. बंद उभी असलेली स्कूटर आपोआप पेटते, असा. भाऊजींनी तो चष्मा लावून दोनदा पाहिला. म्हणाले, "उन्हात उभी केली होती तिले. आपली सावलीत आहे." मी म्हणालो, इथं ऊन-सावलीचा प्रश्न नाही. ते म्हणाले, मग कशाचा आहे? मला नीट सांगता आलं नाही, आणि ते जिंकले. मला काय होईल ते माहीत होतं, का होईल ते माहीत नव्हतं. त्यांना दोन्ही माहीत नव्हतं, पण आवाज त्यांचा मोठा होता.

मग पोळा आला.

ट्रॅक्टर आल्यावर भाऊजींनी बैल ठेवले नव्हते. पोळ्याला दोन वर्षं मातीचे बैल पुजले, तोंड पाडून. त्या वर्षी मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळी पाहतो तर भाऊजी अंगणात वाटीत तूप-हळद कालवून बसलेले. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेक द्यायचा आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. भाऊजींनी स्कूटरच्या हँडलखाली, दोन्ही बाजूंना, तूप-हळद चोळली. मी हसत होतो. इथं तुम्हीही हसलात तर चालेल. मग त्यांनी सीट उघडली, बॅटरी काढली, मांडीवर घेतली आणि तिलाही तूप लावायला सुरुवात केली.

"भाऊजी, तिला कशाला?"

"जोर त इच्यातच आहे ना. हँडल काय ओझं वाहते?"

मग खाली वाकून त्यांनी बॅटरीला आवतन दिलं. आतून ताईनं विचारलं, "काय बोलून राहिले जी?" भाऊजी म्हणाले, "जेवायले बोलावून राहिलो."

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, मी दाढी करत होतो तेवढ्यात स्कूटर घेऊन ते निघून गेले. पोळ्याला बैल नदीवर धुतात. मी अर्धी दाढी तशीच ठेवून जाम नदीवर पळालो. पोचलो तेव्हा स्कूटर निम्म्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती, सीट आ वासून उघडी, आणि शेजारी भाऊजी गुडघाभर पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी बॅटरी नदीत बुडवून नारळाच्या काथ्यानं घासत होते. पलीकडे सावरगावच्या काठाला दोघं-तिघं बैल धूत होते. त्यांच्यातला एक, बैलाचं वय विचारावं तसा, ओरडून विचारत होता, "दात किती आहेत जी त्याले?"

मी पाण्यात उतरलो. बॅटरी हिसकावली. ती पायलीभर गव्हाच्या पोत्याएवढी जड होती आणि तिच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. त्या कोपऱ्याला काळी टेप गुंडाळलेली होती, आणि आता ती सुटून लोंबत होती. ती टेप तिथं का होती हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. ते मी थोड्या वेळानं सांगतो. लपवत नाही, फक्त जागा आली नाही.

"तूप निघत नव्हतं," भाऊजी म्हणाले.

दिवसभर बॅटरी उन्हात वाळवली. स्कूटरला ताईच्या जुन्या लुगड्याची झूल, आरशांना गेरू, चाकांना फुगे. भाऊजींनी पुरणपोळीचा घास हँडलला लावला. संध्याकाळी मी जरा घरातून बाहेर पडलो आणि परत येऊन पाहतो तर बोळीत चार्जरचा लाल दिवा. मी प्लग काढला. त्यांनी लावला. मी काढला. त्यांनी लावला. ताई आतून म्हणाली, "पोरंहो, आता झोपा," आणि आम्ही, दोघांची मिळून शंभरी ओलांडलेली पोरं, झोपलो. झोपायला जाण्याआधी मी प्लग शेवटचा काढला, एवढं पुण्य माझ्या नावावर असू द्या. पण तोवर ती दोन-तीन तास चार्ज झाली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात काय असतं हे सांगायला नको. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधे गोटमार, म्हणजे दोन्हीकडून एकमेकांवर दगडांचा मारा. सकाळपासून रस्ते बंद, बस बंद, दुकानं बंद. आग विझवायची गाडी, अॅम्ब्युलन्स, पोलीस, सगळे नदीवर. आमच्या गल्लीतून माणसांचा पूर नदीकडे वाहत होता.

आणि त्या सकाळी ताईनं आतून हाक मारली.

"लहान्या, सकाळी सकाळी कोणं नखाले पॉलिश लावून राहिलं रे?"

घरात नखांना पॉलिश लावणारं कोणी नव्हतं. मी बोळीत गेलो. खरंच वास होता. गोडसर, डोक्यात जाणारा. प्लग काढलेलाच होता, तरी बॅटरीवर तळहात धरला तर ऊब लागली, तापल्या तव्याजवळ हात नेल्यासारखी. आणि तिची एक बाजू पुरीसारखी फुगली होती.

मी सौसरच्या दुकानातल्या मेकॅनिकला फोन लावला. तो घरी होता, टीव्ही चालू होता.

"घेऊन या, पाहून घेऊ," तो म्हणाला. "बसनं आणा, पिशवीत टाकून."

"बस बंद आहे. आणि ती फुगली आहे."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "फुगली? मंग नका आणू. बसमधी त बिलकुल नका आणू."

"मग काय करू?"

"घरात नका ठेवू. मोकळ्या जागेत ठेवा."

"उचलून नेऊ का?"

"नाही जी, हात नका लावू. जवळ नका जाऊ."

"हात न लावता मोकळ्या जागेत कशी नेऊ?"

त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "पाण्यात भिजली होती का?" मी सांगितलं. "कुठं पडलीबिडली होती का?"

टेपची गोष्ट थोड्या वेळानं सांगतो म्हणालो होतो ना. ती जागा आली.

दीड-दोन महिन्यांपूर्वी बॅटरी दुरुस्तीला सौसरला आली होती. झाल्यावर ती मीच पांढुर्ण्याला परत नेली. मोठ्या थाटात, बसनं, गोणपाटाच्या पिशवीत घालून. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे? मी चेहरा पाडून म्हणालो, "शिवणमशीन आहे हो, बहिणीचं." इतकं छान म्हणालो की त्यानं स्वतः ती सीटखाली सरकवली. वाटेत एक बाई बाळ घेऊन चढली, माझ्या शेजारी बसली आणि दोन्ही पाय आरामात त्या पिशवीवर ठेवले. मी तिला बाळाचं नाव विचारत, त्याला नकला करून हसवत पांढुर्ण्यापर्यंत गेलो. मला आपल्या अभिनयाचं फार कौतुक वाटत होतं. आणि स्टँडवर उतरताना त्याच कौतुकात पिशवी हातून निसटली. पायरीवर आपटली, खाली आपटली. कोपऱ्याला चीर गेली. भाऊजींनी चीर पाहिली, मला पाहिलं, खिशातून काळी टेप काढली आणि म्हणाले, "तुह्या ताईले नको सांगू." त्यांच्या आयुष्यात मला दिलेली ती सगळ्यात प्रेमळ वागणूक होती, आणि ती घेऊन मी गप्प बसलो.

"हो," मी मेकॅनिकला म्हणालो. "एकदा पडली होती."

"मंग तर..." तो म्हणाला आणि त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "दुकान परवा उघडते जी."

फोन ठेवला. तोवर शेजारचा संत्र्याचा व्यापारी आणि त्याची बायको वासावरून आत आले होते. मी सगळं सांगितलं आणि तिथून जी सभा सुरू झाली तिची आठवण आली की अजून माझं रक्त उकळतं. बॅटरी बाहेर काढायची हे सगळ्यांना पटलं. कुठं ठेवायची हे कोणालाच पटेना. अंगणात म्हणावं तर तिथं व्यापाऱ्याच्या लाकडी पेट्यांची चळत आणि पेट्यांत घालायचं तणस, पुढच्या बहाराची तयारी. तो म्हणाला, "माझा माल आहे तिथं." गल्लीत म्हणावं तर माणसांचा पूर. गच्चीवर न्यायची तर लोखंडी शिडी.

"तांदळाच्या कोठीत ठेवा," व्यापाऱ्याची बायको म्हणाली. "माहा मोबाइल भिजला होता तवा मी तेच केलं. दोन दिवसांत चालू झाला."

"फ्रिजमधी ठेवली तर?" व्यापारी म्हणाला. "गरम झाली आहे ना. थंड होईल."

मी म्हणालो, फ्रिज स्वयंपाकघरात आहे आणि तिथं गॅसची टाकी आहे. तो म्हणाला, आपल्या डोक्यात फक्त थंडाचा विचार होता. भाऊजी म्हणाले, ओलं पोतं टाका. मी म्हणालो, ओलंच तर करून ठेवलं आहे. भाऊजी म्हणाले, मी नदीवर नेतो, रेतीत पुरतो. मी म्हणालो, नदीवर आज दगडं उडत आहेत आणि पूर्ण गाव उभं आहे, तुम्ही त्यांच्यामधे काखेत बॉम्ब घेऊन जाणार?

"बॉम्ब काऊन म्हणून राहिला तू तिले?" भाऊजींना ते फार लागलं. "काल पुजली आहे मी."

घड्याळ पाहिलं नाही, पण एक तास तरी गेला. चार शहाणी माणसं एका बोळीच्या तोंडाशी उभी राहून जागा शोधत होती, आणि वास वाढत होता. मी ओरडत होतो, भाऊजी ओरडत होते, व्यापारी मधेच 'माझा माल' म्हणत होता.

ताई दोनदा काहीतरी म्हणाली. आम्ही ऐकलं नाही. तिसऱ्यांदा तिनं पाण्याचा तांब्या जमिनीवर आपटला.

"अरे, तिले नका हलवू," ती म्हणाली. "मले हलवा."

आम्ही चौघंही एकमेकांकडे पाहत राहिलो. डॉक्टरनं हलवायचं नाही म्हटलं होतं ना; त्यामुळे ती आमच्या हिशेबात भिंतीसारखी झाली होती. भिंतीला कोणी 'चल' म्हणत नाही.

बाजेचे चार पाय, माणसं चार. पुढे भाऊजी आणि व्यापारी, मागे मी आणि व्यापाऱ्याची बायको, जी आम्हा तिघांपेक्षा बळकट निघाली. बोळ अरुंद. बरोब्बर बॅटरीपाशी बाज अडकली. तिरपी करावी लागली. ताईनं एका हातानं बाजेची दोरी धरली, दुसऱ्या हातानं पदर नाकाला लावला, आणि प्लास्टरचा पाय कॅलेंडरातल्या देवीला लागला तशी त्याही अवस्थेत पाया पडली. आमच्या पायांशी बॅटरी. तिच्यातून एक बारीक आवाज आला, दातात सुपारी फुटावी तसा. भाऊजींनी अंग भिंतीला घासत एक जोर लावला, त्यांच्या सदऱ्याची बाही फाटली, आणि बाज सुटली.

आता हसायची जागा. गल्लीत आम्ही निघालो तशी गर्दी आपोआप दुभंगली. त्या दिवशी पांढुर्ण्यात बाजेवर माणूस दिसला की लोकांना एकच कळतं.

"बाईले लागला का दगड?"

"अरे, पायच गेला. बाजू द्या, बाजू द्या."

"इकडची आहे का तिकडची?"

"प्लास्टर पण होऊन गेलं, लवकर केलं बाप्पा."

दगड लागलेल्यांच्या जखमेवर लावतात ती देवळातली राख कोणीतरी येऊन ताईच्या प्लास्टरला लावून गेलं. एका म्हाताऱ्यानं आपला दुपट्टा तिच्या डोक्याखाली दिला. ताई मला म्हणाली, "लहान्या, सांग ना त्यांना." मी म्हणालो, "काय सांगू? बॅटरीनं हाकललं म्हणून?" ती हसली. बाजेवर, तशा गर्दीत, ती खरोखर हसली.

गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे. ती बंद होती. तिच्या ओट्यावर बाज ठेवली. मी परत गेलो, दाराला कुलूप लावलं आणि चावी लेंग्याच्या नाडीला बांधली. भाऊजींनी बाहेरच्या मीटरपाशी जाऊन घराचा करंट तोडला. ते काम त्यांनी एका हातानं, न पाहता केलं, आणि त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. तो फार टिकला नाही.

कारण नंतर काहीच झालं नाही.

एक तास गेला. दीड तास गेला. भादव्याचं ऊन चक्कीच्या पत्र्यावरून ओट्यावर उतरलं. नदीकडून आरडाओरड येत होती. ताईला मोरीची गरज लागली. व्यापाऱ्याच्या बायकोनं चक्कीमागं दोन लुगडी धरून कशीबशी सोय केली आणि परतल्यावर ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. पायापेक्षा ते जास्त दुखलं असावं.

"पेटली का?" भाऊजींनी मला विचारलं.

मी गल्लीकडे पाहू लागलो.

"नाही, मी विचारून राहिलो. पेटली का? बायकोले रस्त्यावर आणून टाकलं तू माह्या. चावी दे."

"नाही देत."

"लहान्या, दे रे," ताई म्हणाली. "ऊन लागून राहिलं. काही व्हायचं असतं तर झालं असतं."

ती म्हणाली तेव्हा मी डगमगलो. खरं सांगतो. मलाही वाटलं, आपण एक व्हिडिओ पाहून एका आजारी बाईला उन्हात झोपवलं. हात नाडीकडे गेला. गाठ निरगाठ झाली होती. ती काही मी हुशारीनं मारली नव्हती. मला गाठी नीट मारता येत नाहीत, ही एरवीची बोंब आहे. मी आणि भाऊजी, दोघं मिळून, भर रस्त्यात, ती निरगाठ सोडवत होतो. नाटकात असता तर हा प्रवेश मी कापला असता.

तेवढ्यात गल्लीतून एक आवाज आला. गादीखाली सुतळी बॉम्ब फोडावा तसा दबका. मग दुसरा. मग एकामागे एक, मोजता येईनात. पुढच्या खिडकीतून पांढरा धूर आला, तो काळा झाला, आणि त्याच्यामागे जाळ. चुलीचा जाळ नव्हे. स्टोव्हला पंप जास्त झाल्यावर येतो तसा, सूं करत, एकाच दिशेनं सुटलेला.

नदीवरून गाडी यायला वेळ लागला. गर्दीतून ती वाट काढत आली तोवर व्यापाऱ्यानं आपल्या पेट्या आणि तणस गल्लीत फेकून दिलं होतं. माणसांनी पाणी मारलं. विझली. पाइप खाली ठेवला तर पुन्हा पेटली. पुन्हा पाणी, पुन्हा विझली, पुन्हा पेटली. त्यांच्यातला एक म्हणाला, "ही अशीच असते. पाणी थांबवायचं नाही."

संध्याकाळी मी आणि भाऊजी आत गेलो. बोळीच्या भिंती काळ्या, प्लगच्या जागी भोक. मागच्या खोलीचं दार अर्धं जळालेलं. आत फार काही जळलं नव्हतं, सगळ्यावर काजळीचा थर होता. फक्त ताईच्या बाजेच्या जागी भिंतीच्या खिळ्यांना बांधलेली नायलॉनची मच्छरदाणी वितळली होती. चारी बाजूंनी थेंब थेंब खाली पडून, जिथं बाज होती तिथं जमिनीवर काळ्या ठिपक्यांची रांग झाली होती, बाजेच्या मापाची. भाऊजी त्या ठिपक्यांच्या बाहेर उभे राहिले. आत पाय टाकला नाही. खिशातून काळी टेप काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली.

मला वाटलं, आता तरी. पण आठवडाभरातच ते लोकांना सांगू लागले की कंपनीचा माल खराब होता. "धुतल्यानं बैल मरते का?" ते विचारत आणि लोक म्हणत, नाही. मी चीर, पाणी, टेप सगळं सांगायला लागलो, माझी बस आणि शिवणमशीनसुद्धा, की लोक बाजेची गोष्ट मागत. मी बाजेची सांगत असे. कारण सांगता येते, आणि दाद मिळते.

ताई आता चालते, थोडी लंगडत. भाऊजींकडे नवी बॅटरी आहे आणि ती बाहेरच्या ओट्यावर, पत्र्याखाली, दिवसा चार्ज होते. ते ताईनं ठरवलं, त्यात चर्चा झाली नाही. पुढच्या पोळ्याला त्यांनी स्कूटर कोरड्या फडक्यानं पुसली आणि तूप-हळद सीटला लावली. मग वर बसल्यावर त्यांचीच पँट खराब झाली.

मागच्या महिन्यात गेलो तर संत्र्याच्या व्यापाऱ्यानंही स्कूटर घेतलेली. तोच, ज्यानं बाजेचा एक पाय उचलला होता. बॅटरी कुठं? त्याच्या पुढच्या खोलीत, पेट्यांच्या मधोमध, तणसावर, लाल दिवा लागलेला. मी त्याच्या ओट्यावर उभा राहून त्याला त्याचीच गोष्ट पुन्हा सांगितली. सगळी ताकद लावली. आवाज खाली आणला, हात वर केले. तो बाजेपाशी इतका हसला की ठसका लागला.

"पण तुमची भिजली होती ना जी," तो म्हणाला. "माही कोरडी आहे."

मी हरून ताईकडे आलो आणि सांगितलं. ती गहू निवडत होती. सूप बाजूला ठेवून उठली, लंगडत त्याच्या ओट्यावर चढली. मी मागे.

"मागच्या खोलीत कोण झोपते रे?" तिनं विचारलं.

"आई झोपते. काऊन?"

पेट्यांमधून वाट काढत ताई आत गेली, प्लग ओढला, चार्जर तारेसकट गोळा केला आणि पदरात गुंडाळला. व्यापारी म्हणाला, "अवो ताई, उद्या बगीच्यात जायचं आहे मले."

"बाहेर ओट्यावर नवा प्लग बसवून घे," ती पायऱ्या उतरत म्हणाली. "मंग ने."

चार्जर अजून तिच्या घरी आहे, तांदळाच्या कोठीत. व्यापारी दर दोन दिवसांनी मागायला येतो. तो बाहेरच्या ओट्यावर वायरिंगचं काम भाऊजींना सांगणार म्हणतो, आणि भाऊजी म्हणतात, काळी टेप संपली आहे.